हरवलेली इ-क्लिप, गजनपिनची लॉकं अन् पुराची बोट

शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये 'टिंग' असा बारीक आवाज झाला आणि मला जागच्या जागी कळलं की क्लिप गेली. ज्यांनी कधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं इ-क्लिप काढलीय त्यांना हा आवाज माहीत असणार, एकदाच येतो, कुठल्या बाजूनं आला ते कळत नाही, अन् नंतर सगळं गपगार. बोटीच्या मोटरीला दोरी ओढून चालू करायचं स्टार्टर असतं ना, त्यातल्या कुत्र्याची ती क्लिप. कुत्रं म्हणजे रॅचेटमधला दात, दोरी ओढली की बाहेर येऊन फ्लायव्हीलला, म्हणजे मोटरीच्या जड चाकाला, धरतो, आपल्या सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसलाच. इ-क्लिप म्हणजे इंग्रजी E च्या आकाराची, पिनेवरच्या खाचेत बसून भाग निसटू न देणारी क्लिप. केवढी म्हणाल तर करंगळीच्या नखाएवढी, जाडी मिलिमीटरभर पण नाही.

हाताखालच्या पोराला म्हटलं, "हलू नकोस, हायस तिथंच उभा रहा." पंखा बंद केला. टेबलावर पसरलेला पेपर हळूच उचलून झटकला, मग जुन्या स्पीकरचं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळी फरशी पुसून काढली. पिशवीत घालायचं कारण असं की पिशवी उलटी केली की चिकटलेला सगळा बुरादा एका झटक्यात सुटतो, नाहीतर मॅग्नेटवरनं बुरादा काढण्यातच रात्र जाते. त्यात हॅकसॉ ब्लेडचा तुकडा आला, तीन वॉशर आले, मागल्या वर्षी हरवलेला एक ग्रब स्क्रू पण आला. क्लिप नाही. मग लाइट बंद करून मोबाइलची टॉर्च फरशीला टेकवून आडवी धरली, कारण उजेड आडवा पडला की बारीकातल्या बारीक वस्तूची पण लांब सावली पडते आणि डोळ्याला ती सावली आधी दिसते. (मॅग्नेट स्प्रिंग स्टीलच्या क्लिपला धरतं, स्टेनलेसच्या काही क्लिपांना धरत नाही, त्यांच्यासाठी ही टॉर्चचीच युक्ती.) साडेनऊ वाजले, तरी नाही.

दोन रुपयाच्या क्लिपसाठी दोन तास कोण घालवतं असं कुणालाही वाटेल, म्हणून आधी ती मोटर कुणाची आणि माझ्याकडं का आली ते सांगतो.

आमचं मूळ गाव शिरोळ तालुक्यात. कृष्णा-पंचगंगेच्या काठची गावं कशी असतात ते इकडच्या माणसाला सांगायला नको, जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती हे रोज सकाळी देवाच्या नावासारखं विचारलं जातं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि आमच्याकडं पाणी चढायच्या आधीच जनावरं हलवायची घाई. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, कोल्हापूरचा रस्ताच तुटला, ते सगळ्यांनी बघितलंय. त्यानंतर आमच्या गावच्या पोरांनी रेस्क्यूची टीम बांधली, बोट मिळाली, तिला २५ एचपीची टू-स्ट्रोक मोटर. माझा चुलतभाऊ ती चालवतो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. दादा मळ्यातल्या एका घराच्या माडीवरनं माणसं काढत होता, बोटीत सात जणं, त्यात दोन लहान पोरं आणि एक म्हातारी. निघताना गिअर पुढं टाकला, ऊसाच्या शेंड्यांवरनं बोट चालली, पुढं विजेच्या तारा लोंबत होत्या म्हणून त्यानं दांडा न्यूट्रलला ओढला. दांडा आला. गिअर आला नाही. रेस कमी केली तरी बोट तारांकडं सरकतच होती, रिव्हर्स टाकला तरी पुढंच. शेवटी मनगटाला बांधलेली किल स्विचची लाल दोरी ओढून मोटर बंद केली, वल्ही काढली, आणि प्रवाहानं बोट जाऊन एका जांभळीच्या झाडाला लागली तिथं धरून बसले. पाऊण तासानं दुसरी बोट आली. कुणाला काही झालं नाही, पण दादा ते सांगताना अजून मधेच थांबतो.

पाणी उतरल्यावर मोटर उघडली तर गिअरचा दांडा आणि खाली जाणारा रॉड जिथं जोडतात तिथली क्लिप नव्हतीच. तिच्या जागी बायंडिंग वायरचे दोन वेढे, पक्कडीनं पिळलेले, आणि पिळाजवळ वायर तुटलेली. आधी कधीतरी ज्यानं कुणी सर्व्हिस केली होती त्याची क्लिप उडाली असणार, शोधली नसणार, आणि हाताला आली ती वायर लावून दिली असणार. बायंडिंग वायर ही मऊ तार, सळई बांधायला ठीक, ती काँक्रीटमध्ये एकदा बसली की हलत नाही. मोटरीवर ती दर सेकंदाला थरथरते, आणि पीळ दिलेल्या जागी वाकून वाकून तिचा जीव संपतो. क्लिप स्प्रिंग स्टीलची असते, ती खाचेत स्वतःच्या ताणानं बसते, हलली तरी परत जागेवर येते. दोन्हींचं काम वरनं बघायला एकच, पण आतलं सगळं वेगळं.

तेव्हापासनं ही मोटर दरवर्षी मे महिन्यात माझ्याकडं येते. माझा धंदा खरं म्हणजे फवारणी पंप, पॉवर टिलर, गवत कापायच्या मशिनी ह्यांचा, बोटीची मोटर कोल्हापुरात येऊन येऊन किती येणार. पण टू-स्ट्रोक ती टू-स्ट्रोक, आणि घरची आहे.

यंदा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती धरतो ते, बघितलं तर वरच्या सिलिंडरला ११० आणि खालच्याला ७०. दोन्हींत एवढा फरक म्हणजे उघडायलाच पाहिजे. म्हणून ह्या वेळी नुसती सर्व्हिस नाही, पूर्ण मोटर खोलली, आणि पूर्ण खोलली म्हणजे तिच्यातल्या सगळ्या बारीक क्लिपा, लॉकं, पिना बाहेर. आमच्या आबांची एक शिस्त आहे, ते तीस-पस्तीस वर्षं फिटर होते, आता डोळ्यानं दिसत नाही तरी शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. "निघाली तेवढी लागली पायजेत." म्हणून मी अंड्याचा ट्रे घेतो, प्रत्येक खड्ड्यात एका जागेची जुनी क्लिप, खड्ड्याच्या काठावर मार्करनं नाव, आणि काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. नवीन बसवली की जुनी ट्रेमधनं काढून वेगळ्या डबीत. ट्रे रिकामा झाला की काम झालं. त्या शनिवारी ट्रेमधला 'कुत्रं' लिहिलेला खड्डा रिकामाच राहिला होता आणि कामाला तर अजून सुरुवातच होती.

मग नवीन इ-क्लिप आणायला लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गेलो. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून लिहितो. इ-क्लिपचा नंबर हा शाफ्टचा नसतो, शाफ्टवरच्या खाचेच्या आतला व्यास असतो. ह्या क्लिपांचं जे जर्मन माप सगळीकडं चालतं, डीआयएन ६७९९, त्यात ४ नंबरची क्लिप ५ ते ७ मिलिमीटरच्या पिनेला चालते, ५ नंबरची ६ ते ८ ला. म्हणजे पीन ६ मिलिमीटरची आहे म्हणून तुम्ही ६ नंबर मागितली तर ती सैल बसणार, बोटानं फिरवली तर गरागरा फिरेल आणि तुम्हाला वाटेल वा काय छान बसली. चांगली बसलेली इ-क्लिप खाचेला तिन्ही टोकांनी धरते, बोटानं ढकलली तर फिरते पण जड फिरते. म्हणून दुकानात जाताना पीनच खिशात घालून न्यायची आणि तिथंच लावून बघायची. मी ४ नंबरच्या पाच आणल्या.

आणि इ-क्लिप असो नाहीतर पत्र्यातनं ठोकून काढलेली कुठली पण सर्कलिप (खाचेत बसणारं लॉकचं कडं), तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. नखानं कड चाचपली तर एका बाजूची कड गोलसर लागते आणि दुसऱ्या बाजूची धारदार. जो भाग क्लिपवर रेटा देणार त्याच्याकडं गोल बाजू, धार पलीकडं, म्हणजे धार खाचेच्या भिंतीला चिकटून उभी राहते. उलटी बसवली तर गोल कड भिंतीवरनं चढायला बघते. चालेल दोन महिने, नंतर कधीतरी निसटेल, आणि निसटली की म्हणायचं क्लिपच खराब होती.

आता पिस्टन. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

मोटरसायकलला सिलिंडर वर उचलला की पिस्टन हातात येतो. आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरनं लावायच्या असल्या मोटरीला, तसं नाही, सिलिंडर आणि अर्धी क्रँककेस एकाच ओतीवात, म्हणून पुढची अर्धी क्रँककेस उघडून अख्खा क्रँक पिस्टनांसकट बाहेर काढावा लागतो. तो टेबलावर आडवा ठेवला, खालच्या पिस्टनच्या वरच्या रिंगा कार्बननं खोबणीत चिकटून बसलेल्या, बोटानं दाबल्या तरी हलेनात. कॉम्प्रेशन जात होतं ते इथनं. पिस्टनला ओरखडे नव्हते, म्हणजे नवीन रिंगा टाकून चालणार होतं, पण खोबण नीट साफ करायला पिस्टन सोडवावा लागणार, आणि पिस्टन सोडवायचा म्हणजे गजनपिनची (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेची) लॉकं काढायची.

हे लॉक म्हणजे गोल तारेचं 'सी' सारखं कडं. पिस्टनच्या भोकात खाच असते, त्यात ते बसतं आणि गजनपिनला बाजूला सरकू देत नाही. बास, एवढंच काम. पण ते निघालं तर पिन सरकून सिलिंडरच्या भिंतीला लागते, किंवा लॉक स्वतःच भिंत आणि पिस्टनच्या मधे अडकतं आणि अशी खोल चर पाडतं की सिलिंडर बोअर करूनसुद्धा भागत नाही. असला एक ब्लॉक मी बघितलाय, पॉवर टिलरचा, चरीत नख बुडत होतं.

निघालेलं लॉक परत वापरायचं नाही. कधीच नाही. काढताना ते एकदा जरुरीपेक्षा जास्त दाबलं जातं, तेवढ्यात त्याचा ताण कमी होतो, आणि डोळ्याला ते नव्यासारखंच दिसतं. जुनं आणि नवीन टेबलावर शेजारी ठेवा, जुन्याचं तोंड थोडं मिटलेलं दिसेल, अर्धा मिलिमीटर असेल फरक, पण तो अर्धा मिलिमीटर म्हणजेच त्याची पकड होती.

पण नवीन लॉकं कोल्हापुरात कुठली मिळायला. मोटरसायकलची मिळतात, व्यास तोच पण तार जाड किंवा बारीक, दुकानदार म्हणतो बसतंय की, बसतं पण खाच भरत नाही. म्हणून आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो, मिरकरवाड्यात बंदराजवळ बोटींची कामं करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडं. मी चार लॉकं मागितली, दोन पिस्टनची दोन-दोन. त्यांनी सहा दिली. म्हणाले, "दोन उडतील." मग मी पुराची बोट आहे सांगितल्यावर त्यांनी सगळी क्लिपांची डबी टेबलावर उलटी केली आणि एकेक बघत बसले, कुठली कुठं लागते, कुठली आमच्या मोटरीला चालेल. "समुद्रात बंद पडली तर ढकलायला कोण येत नाय," एवढंच बोलले. पैसे फक्त लॉकांचे घेतले.

बसवताना मी काय करतो ते सांगतो. मोठी पारदर्शक पिशवी घ्यायची, किराणाची चालते, पिस्टन आणि दोन्ही हात तिच्या आत. लॉक उडालं तर पिशवीतच राहतं. पिस्टनच्या खाली कनेक्टिंग रॉडभोवती स्वच्छ फडकं गुंडाळायचं, कारण लॉक क्रँकच्या दोन पाळ्यांच्या मधे पडलं तर ते काढायला वेगळी संध्याकाळ लागते. फडकं सुती आणि धुतलेलं, कॉटन वेस्टचा बोळा नको, त्याचे धागे बेअरिंगमध्ये जातात. पिस्टनच्या डोक्यावरची खूण बघून पिस्टन सरळ धरला, पिनेला टू-स्ट्रोक ऑइल लावलं, नीडल बेअरिंगमधनं पिन सरकवली, पलीकडचं लॉक आधीच बसवलेलं.

मग अलीकडचं. लॉकचं एक टोक तिरकं धरून खाचेत टेकवायचं आणि डाव्या अंगठ्यानं तिथंच दाबून ठेवायचं. अंगठा सोडला की संपलं. मग टोक बोथट केलेल्या स्क्रूड्रायव्हरनं बाकीचं कडं थोडं थोडं आत ढकलायचं, भोकाच्या कडेकडेनं, मधे रेटायचं नाही. शेवटचा भाग आत जाताना 'टक' असा आवाज येतो, कोरडा. तो आवाज आला की अर्धं काम झालं. बाकी अर्धं म्हणजे टोकदार स्क्राइबरनं लॉक खाचेतल्या खाचेत फिरवून बघायचं, पूर्ण गोल, सगळीकडं सारखं जड फिरलं पाहिजे. एखाद्या जागी हलकं लागलं तर तिथं ते खाचेच्या बाहेर आहे, किंवा खाचेत कार्बनचा खडा आहे. माझ्या खालच्या पिस्टनला असंच झालं, टक आवाज आला, बघायला बरोबर, पण फिरवताना एका जागी सुटल्यासारखं वाटलं. परत काढलं, खाच खरवडली, तिळाएवढा कार्बन निघाला. ते लॉक टाकून दिलं आणि नवीन घेतलं, मिस्त्रींच्या जास्तीच्या दोनातलं.

आणि तोंड कुठं ठेवायचं. पिस्टनला लॉक काढण्यासाठी एक छोटी खाप असते, तिच्यासमोर तोंड आणायचं नाही, तिथं टोकांना आधारच नसतो. तोंड एकतर पिस्टनच्या डोक्याकडं किंवा स्कर्टकडं (डोक्याच्या उलट टोकाकडं), बाजूला नाही. (आउटबोर्डचा क्रँक उभा असतो म्हणून पिस्टन आडवा पळतो, त्यामुळं वर-खाली म्हणण्यापेक्षा डोकं आणि स्कर्ट म्हणतो.) मला कित्येक वर्षं हे नुसतं पाठ होतं, कारण नंतर कळलं. ५५०० आरपीएमला पिस्टन मिनिटाला ११ हजार वेळा दिशा बदलतो. दर वेळी थांबून उलट दिशेला निघताना लॉकचं वजन त्याला त्याच रेषेत झटका देतं. तोंड त्या रेषेत असलं तर दोन्ही बाजूंवर सारखा ताण येतो आणि कडं आहे तसंच राहतं. तोंड बाजूला असलं तर झटक्यानं तोंडाची दोन टोकं एकमेकांकडं मिटायला बघतात, कडं बारीक होतं, आणि बारीक झालेलं कडं खाचेतनं निघणारच. हजारात एकदा होईल, पण मिनिटाला ११ हजार झटके आहेत.

गिअरबॉक्समध्ये आणखी एक आहे, त्याला क्लिप म्हणायचं का स्प्रिंग ते तुम्ही ठरवा. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टवर पुढचा गिअर आणि मागचा गिअर ह्यांच्या मधे दातांचा एक डॉग सरकतो, त्याच्यातनं आरपार एक पिन जाते, आणि ती पिन बाहेर येऊ नये म्हणून डॉगच्या भोवतीच्या खोबणीत बारीक स्प्रिंगचे वेढे गुंडाळलेले असतात. काढताना स्प्रिंगचं टोक उचलून शाफ्ट फिरवत उलगडायचं, सोप्पंय. बसवताना मात्र वेढे एकाशेजारी एक सपाट बसले पाहिजेत, एकावर एक चढले तर उंची वाढते आणि फिरताना ते गिअरला घासतं. मी बसवल्यावर बोटाचं पेर वेढ्यांवरनं फिरवतो, डोळे मिटून. उंचवटा लागला की परत काढायचं. ही स्प्रिंग पण नवीनच लावली, जुनी एका टोकाला ताणली गेली होती. दादाची बोट त्या दिवशी गिअर न पडल्यामुळंच अडकली होती, त्यामुळं गिअरच्या रस्त्यात जे जे येतं ते मी दोनदा करतो, वरची लिंकची क्लिप पण दरवर्षी नवीन, जुनी चांगली असली तरी.

कार्बोरेटर पटकन उरकतो. फ्लोटच्या नीडलला केसाएवढ्या तारेची एक अडकण असते, ती फ्लोटच्या जिभेवर चढवायची राहिली तर नीडल वर चिकटून बसते आणि पेट्रोल उतरत नाही, विशेषतः मोटर पावसाळ्यानंतर पेट्रोल न काढता ठेवली असेल तर आत चिकट राळ धरते. म्हणून वर्षाचं काम संपलं की कार्बोरेटर कोरडा करून ठेवा. थ्रॉटलच्या रॉडची प्लास्टिकची क्लिप उन्हातान्हानं कडक होते, ती तशीच ओढली तर तुटते, म्हणून गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं तिच्यावर धरायचं, मग आधी रॉडवरनं बाजूला फिरवायची आणि नंतर वर ओढायची. आणि पंख्याच्या नटाची स्प्लिट पिन, ती स्टेनलेसची आणि दर वेळी नवीन. नट आवळल्यावर भोक जुळलं नाही तर नट थोडा आणखी आवळून भोक जुळवा, सैल करून नाही. आमच्याकडं पुरात केंदाळ आणि पाचट पंख्यात अडकतं, तो सारखा काढघाल करावा लागतो, म्हणून दादाजवळ ह्या पिना चार-पाच असतातच.

असं करत करत गुरुवारपर्यंत मोटर भरत आणली. अंड्याचा ट्रे रिकामा होत आला. स्टार्टरच्या कुत्र्याला नवीन ४ नंबरची इ-क्लिप बसवली, चांगली जड बसली. पण 'कुत्रं' लिहिलेल्या खड्ड्यात जुनी क्लिप नव्हती, ती शनिवारी गेलेलीच होती, आणि आबा सारखे विचारत होते, "घावली काय रं?" मी म्हणत होतो, "न्हाई आबा, फरशीवर नसंल, बाहेर गेली असंल दारातनं." ते काही बोलत नव्हते.

गुरुवारी संध्याकाळी माझी पोरगी क्लासवरनं आली, आठवीत आहे, डबा घेऊन आली होती. मी फ्लायव्हील उचलून बसवायच्या तयारीत. ते शनिवारपासनं टेबलाच्या कोपऱ्यात उताणं पडलं होतं, त्याच्यावर मीच पेपर टाकून ठेवला होता धूळ बसू नये म्हणून. तिनं विचारलं, "पप्पा, ह्यात मॅग्नेट हायत न्हवं?"

"व्हय."

"मग क्लिप ह्यात बघितलीसा काय?"

मी फ्लायव्हील तिच्यासमोर धरलं. तिनं टॉर्च मारली आणि आतल्या कडेवर, दोन मॅग्नेटांच्या फटीत, बोट ठेवलं. क्लिप आडवी चिकटली होती, काळी, मॅग्नेट पण काळंच, एका बाजूची कड तेवढी चमकत होती. शनिवारी स्टार्टर मी टेबलाच्या त्याच टोकाला खोलत होतो, फ्लायव्हील हातभर लांब. ती उडाली, मॅग्नेटनं हवेतच ओढून घेतली असणार, आणि आम्ही दोन तास फरशी चाळत बसलो.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी, फ्लायव्हीलच्या आत मॅग्नेट फिरतात आणि त्यांच्या मधे कॉइल स्थिर असते, दोन्हींत फट अगदी कमी असते, एवढीशी क्लिप पण त्यात मावत नाही. मी ते तसंच बसवलं असतं तर पहिल्या दोरीलाच खरखर आली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे क्लिप तिथंच चिकटून राहिली असती, घासत घासत कॉइलची तार सोलली असती, आणि स्पार्क जायचा दिवस जुलैतला कुठला तरी असता. माझ्या अंगावर काटा आला. पोरीला जवळ घेतलं. क्लिप काढून तिच्याच हातात दिली, तिनं ती नेऊन ट्रेमधल्या खड्ड्यात ठेवली, मग लगेच उचलून जुन्याच्या डबीत टाकली. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता लाव चाक."

तेव्हापासनं एक बदल केलाय, फ्लायव्हील काढलं की आधी जाड पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि दुसऱ्या टेबलावर ठेवायचं. आणि बसवायच्या आधी आतनं बोट फिरवायचं, क्लिप हरवलेली असो नसो. मॅग्नेट काय काय गोळा करतं बघाच एकदा, माझ्या त्या फ्लायव्हीलमध्ये क्लिपशिवाय लेथचा बुरादा पण चांगला चिमूटभर होता.

शुक्रवारी मोटर ड्रममध्ये चालवली. २०० लिटरचा निळा ड्रम, वरनं कापलेला, पाणी पंपाच्या जाळीच्या चांगलं वर. कोरडी अर्धा मिनिट पण चालवायची नाही, पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरचं (फिरणाऱ्या पात्यांचं) रबर जातं. नवीन रिंगा म्हणून पेट्रोलला ऑइल ५० ला १ च्या ऐवजी २५ ला १. तिसऱ्या दोरीला लागली, आधी धूर, मग आवाज बसला, आणि बाजूच्या भोकातनं पाण्याची धार आली, सरळ, तुटक नाही. कॉम्प्रेशन दोन्हींकडं जवळजवळ सारखं आलं, चालेल तसं आणखी जमेल.

रविवारी गावाकडं नेली. नदी खाली गेलेली, काठावर चिखल वाळून भेगा पडलेल्या. दादानं मोटर बोटीला आवळली, चालू केली आणि मधे जायच्या आधी काठालाच गिअर टाकून बघायला लागला, पुढं, न्यूट्रल, मागं, न्यूट्रल. प्रत्येक वेळी थांबायचा आणि पंखा खरंच थांबला का ते वाकून बघायचा. मी मोजत होतो, तेरा-चौदा वेळा केलं असेल. मग मी त्याला जुन्या तंबाखूच्या डबीत प्रत्येक क्लिपचा एकेक जास्तीचा नग दिला, स्प्लिट पिना, इ-क्लिपा, गिअर लिंकच्या दोन, आणि आत कागदावर लिहून ठेवलं होतं कुठली कुठं. त्यानं डबी उघडली, बंद केली, लाइफ जॅकेटच्या आतल्या खिशात घालून वरनं चेन लावली, आणि दांडा परत एकदा न्यूट्रलला आणून बघितला.